शाकाहारी ताट आणि ‘बी’ जीवनसत्त्वे : शंभर वर्षांचा इतिहास काय सांगतो?

‘बी-कॉम्प्लेक्स’ हे नाव आपल्याकडे घराघरात माहीत आहे. तोंड आले, थकवा आला, पायाला मुंग्या आल्या की औषधाच्या दुकानातून एक पट्टी आणायची आणि आठ दिवस गोळ्या घ्यायच्या, ही पद्धत शहरातही आहे आणि खेड्यातही. माळकरी असलेले, घरात वर्षानुवर्षे मांस-मासे न शिजवणारे लोक तर विशेष करून विचारतात, ‘डॉक्टर, आम्ही शाकाहारी. आम्हाला बी कमी पडत असेल ना?’

या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर देता येत नाही. कारण ‘बी’ हे एक जीवनसत्त्व नाही. ती आठ वेगवेगळी जीवनसत्त्वे आहेत. त्यांचे काम वेगळे, ती मिळण्याचे पदार्थ वेगळे आणि ती कमी पडण्याची कारणेही वेगळी. शाकाहारात यातली बहुतेक भरपूर मिळतात, एक मात्र फार थोडे मिळते. हा फरक वैद्यकशास्त्राला कसा कळला, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. त्यातला एक महत्त्वाचा अध्याय आपल्या मुंबईत घडला आणि एक पुण्यात. तो समजून घेतला, तर आपल्या ताटात नेमके काय कमी आहे हे ओळखणे सोपे जाईल.

सुरुवात झाली तांदळापासून

आपला भंडारा जिल्हा धानाचा. म्हणून गोष्ट तांदळापासूनच सुरू करू.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जावा बेटावर ‘बेरीबेरी’ नावाच्या आजाराने माणसे दगावत होती. पाय बधिर होत, अंगावर सूज येई आणि शेवटी हृदय थकून जाई. ख्रिस्तियान आइकमन या डच डॉक्टरने तिथे पाहिले, की पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांना तसाच आजार होतो आणि कोंड्यासह तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. १८९७ च्या सुमारास जावातल्या शंभराहून अधिक तुरुंगांची पाहणी झाली. पॉलिशचा तांदूळ देणाऱ्या तुरुंगांत बेरीबेरी भरपूर होती आणि हातसडीच्या तांदळाच्या तुरुंगांत जवळजवळ नव्हती. तांदळाच्या कोंड्यात असलेला हा घटक म्हणजे बी-१, थायमिन. १९२६ मध्ये तो शुद्ध स्वरूपात मिळाला आणि १९२९ मध्ये आइकमन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ‘व्हिटामिन’ हा शब्दही याच संशोधनाच्या ओघात, १९१२ मध्ये, कासिमिर फुंक यांनी वापरात आणला.

भारतातही हा प्रश्न होता. तमिळनाडूतल्या कुन्नूर येथील पोषण प्रयोगशाळेचे प्रमुख वॉलेस आयक्रॉइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० मध्ये भारतातल्या तांदळाच्या प्रश्नावर सविस्तर अहवाल लिहिला. आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर, जिथे लोक गिरणीचा कच्चा पांढरा तांदूळ खात, तिथे बेरीबेरी होती. जिथे उकडा तांदूळ खात, तिथे ती फारशी नव्हती.

असे का? उकडा तांदूळ करताना धान आधी भिजवतात, मग वाफवतात, वाळवतात आणि नंतर भरडतात. आपल्याकडचे राइस मिलवाले यालाच ‘उष्णा’ म्हणतात. वाफवताना कोंड्यातले बी-१ दाण्याच्या आत शिरते, म्हणून पुढे कोंडा निघाला तरी ते बरेचसे टिकते. कच्च्या तांदळात ते वरच्या थरातच असते आणि पॉलिशबरोबर निघून जाते. उरलेले आपण तांदूळ तीन-चार पाण्यांनी चोळून धुतो तेव्हा आणि भाताची पेज ओतून देतो तेव्हा जाते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. बेरीबेरी झाली ती माणसे शाकाहारी होती म्हणून नाही. धान्यात असलेले जीवनसत्त्व गिरणीत काढून टाकले गेले, म्हणून झाली. आज ताटात भाताबरोबर वरण, उसळ, पोळी असते, त्यामुळे बेरीबेरी क्वचितच दिसते. दिसते ती बहुधा रोज दारू पिणाऱ्यांमध्ये किंवा गरोदरपणात आठवडेच्या आठवडे उलट्या होणाऱ्या बाईमध्ये.

ज्वारीचा धडा

दुसरा धडा ज्वारीचा. पेलाग्रा या आजारात उन्हाला उघडी पडणारी कातडी काळी-खरबरीत होते, जुलाब लागतात आणि पुढे बुद्धिभ्रम होतो. जगभर हा आजार मका खाणाऱ्या गरिबांचा म्हणून ओळखला जाई. त्याचे कारण बी-३, म्हणजे नायसिन, कमी पडणे. हैदराबादचे डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी दाखवून दिले, की दख्खनच्या पठारावर तो ज्वारीवर जगणाऱ्या गरीब मजुरांनाही होतो. ज्वारीत ल्युसिन हे अमिनो आम्ल जास्त असल्याने नायसिनच्या वापरात अडथळा येतो, असे मत त्यांनी १९६० मध्ये मांडले. पुढे त्यावर बरीच चर्चा झाली, इतर कारणेही पुढे आली. पण व्यवहारातला अर्थ सरळ आहे. ज्वारी वाईट नाही, नुसती ज्वारी वाईट. भाकरीबरोबर डाळ, शेंगदाण्याची चटणी, ताक असले की हा प्रश्न राहत नाही. शेंगदाण्यात नायसिन भरपूर असते. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी ही आपल्या आजीची जोडी शास्त्रालाही पटणारी आहे.

मुंबईतल्या गरोदर स्त्रिया आणि डॉ. ल्यूसी विल्स

आता या इतिहासातला आपल्या घरचा अध्याय.

१९२० च्या दशकात मुंबईत गरोदर स्त्रियांमध्ये एक विचित्र रक्तक्षय दिसत होता. साध्या, लोहाच्या कमतरतेच्या रक्तक्षयात तांबड्या पेशी लहान होतात. या स्त्रियांच्या रक्तात पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या दिसत. बाळंतपणाच्या आधी किंवा नंतर यात स्त्रिया दगावत. मातामृत्यूंच्या चौकशीच्या कामासाठी १९२८ मध्ये इंग्लंडहून डॉ. ल्यूसी विल्स मुंबईत आल्या. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचे काम सुरू झाले.

त्यांनी आधी जंतू शोधले. विष्ठा तपासली, संसर्गाची शंका पाहिली. काही हाती लागले नाही. मग त्या आहाराकडे वळल्या. तळपदे या सहकाऱ्यासह त्यांनी मुंबईतल्या स्त्रियांचा आहार आणि राहणीमान यांची पाहणी करून १९३० मध्ये ती प्रसिद्ध केली. हा रक्तक्षय गरीब घरांत, विशेषतः गरीब मुसलमान स्त्रियांमध्ये अधिक होता. त्यांच्या जेवणात ताजी भाजी, फळे, दूध यांचा तुटवडा होता. ज्यांच्या ताटात या गोष्टी होत्या, त्यांच्यात हा आजार कमी होता. म्हणजे प्रश्न धर्माचा वा जातीचा नव्हता, शाकाहार-मांसाहाराचाही नव्हता. ताटात रोज काय पडते, याचा होता.

पुढचा टप्पा प्रयोगांचा. या स्त्रियांसारखाच आहार उंदरांना दिला, तर त्यांनाही रक्तक्षय झाला. पण उंदरांवरच्या उवांमुळे पसरणारा एक जंतूही रक्तक्षय करतो असे लक्षात आल्यावर तो प्रयोग गोंधळात पडला. मग माकडांवर प्रयोग केले. आणि त्यातून एक अगदी स्वस्त उपाय सापडला : यीस्टचा अर्क. इंग्लंडमध्ये बीअर गाळून उरलेल्या यीस्टपासून ‘मार्माइट’ नावाचा काळा, खारट, पावाला लावायचा पदार्थ बनतो. तो दिल्यावर माकड सुधारले. मग रुग्ण स्त्रियांना दिला, आणि त्याही झपाट्याने सुधारू लागल्या. १९३१ मध्ये विल्स यांनी हे निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केले.

यीस्टमधल्या या अनोळखी घटकाला पुढे ‘विल्स फॅक्टर’ म्हटले गेले. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक घटक वेगळा काढला गेला. पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याचे नाव पडले फोलिक आम्ल, म्हणजे आपले बी-९. पुढे लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झाले. त्या संशोधनाचे नेतृत्व करणारे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे.

आज सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला जी लोहाची गोळी मिळते, तिच्यात ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्लही असते. परळच्या प्रयोगशाळेत सुरू झालेला तो धागा आज अंगणवाडी आणि आशाताईंच्या हातून आपल्या गावात पोचला आहे. ती गोळी ‘गरम पडते’, ‘काळी शी होते’ म्हणून फेकून देणाऱ्या भगिनींनी हे लक्षात ठेवावे.

शाकाहारी माणसाला फोलेट मिळणे कठीण नाही. हिरव्या पालेभाज्या, हरभरा, मूग, चवळी, तूर, सगळ्यांत ते असते. पावसाळ्यात आपल्याकडे येणारा तरोटा, हिवाळ्यातली हरभऱ्याची भाजी, पालक, मेथी हे सगळे उपयोगाचे. पण फोलेट उष्णतेने आणि पाण्यात विरघळून जाते. १९६१ मध्ये अमेरिकी डॉक्टर व्हिक्टर हर्बर्ट यांनी स्वतःवरच प्रयोग केला. अन्न तीन-तीनदा उकळून, पाणी फेकून ते खात राहिले आणि काही महिन्यांतच त्यांना मोठ्या पेशींचा रक्तक्षय झाला. तेव्हा भाजी चिरण्याआधी धुवा, उकळून तिचे पाणी फेकू नका आणि तासभर रटरटू देऊ नका.

एक कोडे उरले होते

विल्स यांच्या कामात एक बारकावा होता. त्याच काळात युरोप-अमेरिकेत मोठ्या पेशींचाच आणखी एक रक्तक्षय माहीत होता, पर्निशस ॲनिमिया. त्यात रक्ताबरोबर मज्जातंतूही जात आणि रुग्ण हमखास मरत. १९२६ मध्ये मायनट आणि मर्फी यांनी या रुग्णांना रोज पाव किलोच्या आसपास यकृत खायला घालून वाचवले. व्हिपल यांच्यासह त्यांना १९३४ चे नोबेल मिळाले. मग यकृताचा शुद्ध केलेला अर्क इंजेक्शनने देऊ लागले.

विल्स यांना दिसले, की हा शुद्ध अर्क पर्निशस ॲनिमियात गुणकारी असला तरी त्यांच्या रुग्णांना लागू पडत नाही, आणि कच्चा अर्क मात्र लागू पडतो. म्हणजे यकृतात रक्त भरून काढणारे दोन वेगळे घटक होते. एक फोलिक आम्ल, दुसरा अज्ञात. तो दुसरा घटक १९४८ मध्ये अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये जवळपास एकाच वेळी शुद्ध स्वरूपात मिळाला : लाल रंगाचे स्फटिक, बी-१२. त्याची गुंतागुंतीची रचना डोरोथी हॉजकिन यांनी १९५६ मध्ये उलगडली.

या दोन घटकांतला फरक वैद्यकाने मोठी किंमत देऊन शिकला. १९४५ नंतर फोलिक आम्ल बाजारात आल्यावर पर्निशस ॲनिमियाच्या काही रुग्णांना तेच दिले गेले. रक्त सुधारले, चेहऱ्यावर लाली आली, डॉक्टरही खूश. पण काही महिन्यांत त्याच रुग्णांचे पाय बधिर होऊ लागले, चाल बिघडली. फोलिक आम्लाने रक्ताचा दोष झाकला होता. बी-१२ अभावी मज्जातंतूंची हानी आत चालूच होती.

हा धडा आजही तितकाच लागू आहे. हिमोग्लोबिन चांगले आहे, म्हणजे बी-१२ चांगले आहे, असे होत नाही.

बी-१२ वेगळे का?

बाकीची बी जीवनसत्त्वे वनस्पती स्वतः तयार करतात. बी-१२ कोणतीच वनस्पती बनवत नाही आणि कोणताच प्राणीही नाही. ते फक्त जीवाणू बनवतात. गाय-म्हशीच्या पोटातले जीवाणू ते तयार करतात, तिथून ते त्यांच्या मांसात आणि दुधात येते. म्हणून शाकाहारी माणसाला नैसर्गिकपणे ते मिळण्याचा भरवशाचा मार्ग एकच : दूध, दही, ताक, पनीर.

प्रौढ माणसाची रोजची गरज फक्त दोन ते अडीच मायक्रोग्रॅम, मिठाच्या एका कणाहूनही कमी. पण मोठ्या पेलाभर दुधात ते साधारण एक मायक्रोग्रॅम असते आणि दूध खूप वेळ उकळल्यास त्यातलेही काही कमी होते. दिवसातून तीन वेळा चहात दोन-दोन चमचे दूध घालून गरज भागत नाही. आपल्या भागात कित्येक घरांतले दूध डेअरीला जाते आणि घरात चहापुरतेच उरते. म्हणून ‘आमच्या घरी दोन म्हशी आहेत’ हे उत्तर पुरेसे नाही. तुमच्या पेल्यात किती येते ते सांगा.

तुपात बी-१२ नसते. इडली, आंबील यांसारख्या आंबवलेल्या पदार्थांवर आणि शेवाळाच्या म्हणजे स्पिरुलिनाच्या गोळ्यांवरही त्यासाठी भरवसा ठेवता येत नाही.

आणि जे आठवड्यातून एकदा मासोळी खातात, पण श्रावण, उपवास, खर्च यांमुळे महिनोन् महिने खात नाहीत, त्यांनीही स्वतःला यातून वगळू नये.

पुण्याने दाखवलेले चित्र

भारतात हा प्रश्न बाळांवरून लक्षात आला. १९६२ मध्ये वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयातल्या जाधव, बेकर आणि सहकाऱ्यांनी अंगावर पिणाऱ्या काही बाळांचे वर्णन प्रसिद्ध केले. ही बाळे आधी चांगली होती, मग हसणे, मान धरणे विसरू लागली, कातडी काळवंडली, रक्त कमी झाले. आईमध्येच बी-१२ कमी, म्हणून दुधातही कमी. बी-१२ दिल्यावर बाळे सुधारली. पुढच्याच वर्षी बेकर यांनी बोटांच्या पेरांवर येणारा काळेपणा हे बी-१२ कमतरतेचे लक्षण असल्याचे नोंदवले. आजही मी रुग्णाचे हात आधी पाहतो, ते यासाठी.

त्यानंतर मोठे काम झाले पुण्यात. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने परदेशी शास्त्रज्ञांसह २००१ मध्ये २०४ प्रौढांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या जवळपास निम्म्या लोकांमध्ये बी-१२ कमी होते आणि शाकाहारी लोकांत हा धोका कितीतरी जास्त होता. फोलेट मात्र बहुतेकांचे ठीक होते. २००६ मध्ये ४४१ पुरुषांचा अभ्यास आला. त्यात सुमारे दोन तृतीयांश पुरुषांत बी-१२ कमी निघाले. सर्वांत जास्त कमतरता झोपडपट्टीत नव्हती, खेड्यातही नव्हती. ती होती शहरी मध्यमवर्गात. खाऊन-पिऊन सुखी घर म्हणजे बी-१२ पुरेसे, हा समज तिथेच खोटा ठरला.

याच गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. २००८ मध्ये दिसले, की ज्या मातांमध्ये गरोदरपणी फोलेट जास्त पण बी-१२ कमी होते, त्यांच्या सहा वर्षांच्या मुलांमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त होती. ही मधुमेहाकडे नेणारी वाट. याचा अर्थ फोलिक आम्लाची गोळी बंद करा असा मुळीच नाही. फोलिक आम्लाच्या जोडीला बी-१२ चीही काळजी घ्या, असा आहे.

मग आपण काय करायचे?

हा इतिहास वाचून शाकाहार सोडण्याची काहीही गरज नाही. शाकाहार हा विचाराने स्वीकारलेला चांगला आहार आहे. त्यातली एक उणीव माहीत असली की ती भरून काढता येते.

• तांदूळ कमी पॉलिशचा किंवा उष्णा घ्या. एक-दोन पाण्यांनीच धुवा. पेज फेकू नका.
• रोज एक वाटी डाळ किंवा उसळ, एक वाटी हिरवी भाजी, मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे घ्या. बी-१२ सोडून इतर बी जीवनसत्त्वे यातून बऱ्यापैकी मिळतात.
• घरातल्या प्रत्येकाच्या वाट्याला, बायकांच्याही, रोज दोन पेले दूध, दही किंवा घट्ट ताक यावे. आपल्याकडे दूध आधी मुलांना, मग पुरुषांना आणि उरले तर बाईला मिळते. गरज मात्र गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला सर्वांत जास्त असते.
• पायात मुंग्या, तळव्यांना बधिरपणा, डोळे मिटून तोंड धुताना तोल जाणे, विसराळूपणा, गुळगुळीत लाल जीभ, पेरांवर काळेपणा यांपैकी काही असेल तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका. बी-१२ ची रक्ततपासणी करून घ्या. यकृतात बी-१२ चा साठा काही वर्षे पुरतो. त्यामुळे लक्षणे येतात तेव्हा कमतरता बरीच जुनी झालेली असते.
• मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीसाठी ओमेप्राझोलसारखी गोळी अनेक वर्षे चालू असेल, तर बी-१२ आणखी कमी होते. मधुमेही शाकाहारी व्यक्तीच्या पायाच्या मुंग्या दर वेळी साखरेमुळेच असतात असे नाही. डॉक्टरांना आठवणीने विचारा.
• दुकानातून आणलेल्या बी-कॉम्प्लेक्सच्या पट्टीवर बी-१२ लिहिले आहे का आणि किती, ते वाचा. काही गोळ्यांत ते नसतेच. आठ दिवसांच्या गोळ्यांनी वर्षांची कमतरता भरून निघत नाही.
• तपासणीत कमतरता निघाली तर गोळी की इंजेक्शन, किती आणि किती दिवस, हे डॉक्टरांना ठरवू द्या. दूध अजिबात न घेणाऱ्यांना बी-१२ ची गोळी कायमची लागते.

वेळेवर ओळखले तर रक्त काही आठवड्यांत सुधारते. मज्जातंतूंना महिने लागतात आणि फार उशीर झाला तर काही हानी कायमची राहते. बी-१२ ची गोळी स्वस्त आहे आणि तपासणी आता जिल्ह्याच्या ठिकाणी सहज होते. पायाला मुंग्या येत असतील, तर या आठवड्यातच तपासून घ्या.